सरकती गाठ

ऑगस्टमध्ये नात कॉलेजातून आली तेव्हा तिच्या मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत रंगीत पट्टे चढलेले होते. फ्रेंडशिप बँड म्हणतात म्हणे त्याला. एक उरलेला पट्टा तिनं माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, आजी, तूही घाल. मी तो हातात घेतला आणि जुन्या खोडीप्रमाणे रंगाआधी गाठ पाहिली. सरकती गाठ होती. टोकं ओढली की पट्टा आवळतो, मणी मागे सारला की सैल होतो. बांधायला दुसरं माणूस लागत नाही.

हा तुझ्या हातावर कोणी बांधला, असं मी विचारलं. ती हसली. बांधायचा कशाला, मैत्रिणीनं दिला आणि मी चढवला, एवढंच. मी तिचा पट्टा तिला परत दिला. मला घालवेना. का घालवेना ते तिला सांगत बसायचं त्राण त्या दिवशी अंगात नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या सांगते, पण माझं मन त्यात फारसं नाही हे आधीच कबूल केलेलं बरं.

आमचा धंदा पटवेकऱ्याचा. सोनार दागिना घडवतो, पण तो गळ्यात राहतो पटवेकऱ्यामुळे. मंगळसूत्राची पोत गाठायची, वज्रटीक धाग्यात बसवायची, गोंडे करायचे, करदोडे वळायचे, बाळाच्या पायातला काळा दोरा, मनगटातले गंडे, राख्या, सगळं आमच्याकडे. सोन्याचं कौतुक होतं, धाग्याचं कोणी करत नाही. पोत तुटली की मात्र पहिली शिवी पटवेकऱ्याला. मी हिंगणघाटला सून म्हणून आले आणि वर्षभरात सासूनं मला मांडीवर धागा वळायला बसवलं. धाग्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं आणि दुसरं हातात घेऊन काम करायचं, ही आमची रीत. माझ्या उजव्या अंगठ्याला पडलेली खाच अजून गेलेली नाही. डोळे गेले, बोटं वाकडी झाली, खाच तेवढी शाबूत आहे.

नवरा गावातलं दुकान पाही आणि मी सासूबरोबर आठवडी बाजार करी. समुद्रपूरकडची खेडी, गिरडची जत्रा, कधी पुलगावपर्यंत. सासू थकली तेव्हापासून एकटीच जाऊ लागले. एक पोतं अंथरायचं, समोर खुंटीला रंगीत लडी टांगायच्या. बाई आली की तिनं काही बोलायच्या आत तिला कुठला रंग लागणार ते मला कळे. लेकरू कडेवर असलं तर काळा. देवीचा नवस असला तर लाल. हळद लागलेली पोरगी असली तर पिवळा. गिरडच्या टेकडीवर बाबांच्या दर्ग्याला निघालेलं माणूस हिरवा मागणार, मग ते कुठल्याही जातीचं असो. या ओळखण्याचा मला फार ताठा होता. माणूस बघून रंग सांगणारी पटवीण, अशी माझी ख्याती होती आणि ती मी स्वतःच थोडी पसरवलेलीही होती.

त्या ताठ्याचा एकदा गिरडलाच चांगला पाणउतारा झाला. हिरवं सूत मी नेहमी थुंकीनं अंगठा ओला करून, पदरावर घासून घेत असे. रंग पदराला लागला तर सूत परत. त्या वर्षी घाईत न घासता घेतलं. जत्रेत ऊन मी म्हणत होतं, लोक टेकडी चढून घामाघूम. दुपारी खाली उतरले ते कोपरापर्यंत हिरवे होऊनच. एकीची पांढरी चोळी गेली, एका म्हाताऱ्याची दाढी. त्यानं घाम पुसला होता ना. मी पोतं गुंडाळायच्या बेतात होते, तेवढ्यात तोच म्हातारा पुढे आला आणि सगळ्यांना सांगू लागला की हा बाबांचा रंग आहे, अंगाला लागला ते भाग्यच समजा. लोकांनी मानलं. उरलेलं सूतही खपलं. मी मान वर न करता गाठी मारत राहिले.

दुसरे गिऱ्हाईक पवनारकडचे. खादी घालणारे एक गृहस्थ स्वतः कातलेलं सूत घेऊन आले आणि म्हणाले की सर्व मानव एक आहेत, तेव्हा रंग नको, याच सुताचे गंडे करून द्या, आम्ही एकमेकांना बांधणार आहोत. विचार छान होता, सूत मात्र कुठे दोरखंड तर कुठे कोळ्याचं जाळं. पीळ दिला की तुटे. तीनदा तुटल्यावर मी म्हटलं, महाराज, माणसं एक असतील, पण तुमचा धागा एक नाही. ते रागावले नाहीत. पुढल्या बाजारी बरं कातून आणलं. जाताना मला विचारून गेले, की बाई, तुम्ही सगळ्यांना सारखीच गाठ मारता ना? मी म्हटलं, हो तर.

ते खरं नव्हतं, आणि आता मुद्द्यावर येते.

आमच्या हाती दोन गाठी होत्या. एक निरगाठ. गिऱ्हाइकाचं मनगट हातात घ्यायचं, धागा फिरवायचा, गाठ घट्ट बसवायची आणि टोकं आत दडपून वरून रेशीम गुंडाळायचं. ती सुटत नाही, झिजून तुटते तेव्हाच जाते. दुसरी ही सरकती. तो गंडा आम्ही आधीच तयार करून ठेवायचो आणि तो हातात घालून ज्याचा त्यानं ओढून घ्यायचा. सासूनं मला ती मोठ्या कौतुकानं शिकवली होती. एका टोकाचे दुसऱ्यावर तीन वेढे, मधून टोक काढायचं, मग उलट बाजूनं तसंच. सुबक दिसे. कोणासाठी, असं मी विचारलं तेव्हा तिनं सहज सांगितलं, की महारवाड्यातल्या लोकांसाठी. त्यांच्या हाताला हात न लावता गंडा देता यावा म्हणून आपल्या घरात कोणीतरी ही काढली आहे. आम्ही तो गंडा वरून त्यांच्या ओंजळीत टाकायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट आपल्या घरची युक्ती म्हणून अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

दर वर्षी दिवाळीनंतरच्या बाजाराला दोघीजणी माझ्याकडे येत. एक गिरजाबाई, शेतकऱ्याची सून, घरची दहा एकर कापसाची. दुसरी भागरथा, त्याच शेतात कापूस वेचायला जाणारी, महारवाड्यातली. एका वर्षी वेचणी चालू असतानाच गिरजाबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. गाव लांब, बैलगाडी नाही. भागरथानं कापसाच्या ढिगावर तिचं बाळंतपण केलं, नाळ तिनंच कापली. मुलगा झाला. नंतर घरच्यांनी आई आणि बाळ दोघांवर पाणी घालून त्यांना शुद्ध करून घेतलं. त्याच वर्षी त्या दोघी पहिल्यांदा आल्या आणि सारखे दोन गंडे मागितले. अशा गंड्यांना आम्ही जोड म्हणायचो. एकाच लडीतून काढायचे, एकाच पिळाचे. गिरजाबाईचा लाल, भागरथाचा गिरडच्या नवसाचा हिरवा, दोन्ही रंग दोघींच्या गंड्यात.

जोड म्हणजे दोन्ही अगदी सारखे हवेत, नाहीतर ती जोड नाही. मी रंग सारखे ठेवी, मणी सारखे ठेवी. गिरजाबाई पोत्यावर माझ्यासमोर बसे आणि तिला मी निरगाठ मारून देई. भागरथा दोन हात लांब उभी राही, तिच्या ओंजळीत मी सरकती गाठ टाकी. चार वर्षं हे चाललं. त्यांच्यातली एकही काही बोलली नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही की मी दर वर्षी जोड मोडूनच देते आहे.

मग छप्पन साल आलं. दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली आणि आमच्या भागातल्या महारवाड्यांतून माणसं गाड्या भरभरून, पायी, जमेल तशी गेली. परत आली ती वेगळी होऊन. बाजारात मला पहिला फरक जाणवला तो माझ्याच मालात. त्या वस्तीतून काळे दोरे, लाल गंडे मागणारं कोणी येईना. काहींनी गळ्यातले ताईत काढून नाल्यात सोडले असं ऐकलं. बाजारातल्या बायका कुजबुजत होत्या. मी मात्र मनात हिशेब बांधला, की आता यांचा रंग निळा. शहरातून निळ्या रेशमाची लडी मागवली, पदरावर घासून पक्की पाहून घेतली. माणूस बघून रंग सांगणारी ना मी!

दिवाळीनंतरचा बाजार होता. माझ्या पोत्यापुढे मंगळसूत्रं गाठून घ्यायला पाच-सहा बायका बसल्या होत्या, शेजारी कासारीण बांगड्या भरत होती. गिरजाबाई आणि भागरथा आल्या. गिरजाबाई बसली. भागरथा नेहमीच्या जागी थांबली नाही. ती पुढे आली, पोत्याच्या कडेशी टेकली आणि तिनं ओंजळ नाही केली. उजवा हात पालथा करून मनगट माझ्यापुढे धरलं.

"बांधून दे बाई," ती म्हणाली. "इच्यासारखा."

पाच-सहा बायकांच्या माना एकदम वळल्या. कासारिणीचा हात थांबला. काय मागते आहे ते मला कळलं. कळलं नाही असं आजवर मी पुष्कळांना सांगितलं आहे, ते खोटं. मला त्या मनगटावरची काट्यांचे ओरखडे दिसत होते, कापसाच्या बोंडांनी पडलेले. आणि मला समोरच्या बायका दिसत होत्या. हिच्या हाताला लावलेल्या हातानं त्या आपलं मंगळसूत्र माझ्याकडून गाठून घेतील का, एवढंच डोक्यात फिरत होतं. माझं बाजारातलं पोतं त्यांच्यावर चाललं होतं.

मी हात पुढे नेला तो मनगटाकडे नाही, खुंटीकडे. निळी लडी काढली. म्हटलं, थांब, तुझ्यासाठी खास रंग आणून ठेवला आहे. आणि वळायला बसले. इतका सुंदर गंडा मी त्याआधी केला नव्हता आणि नंतरही नाही. कडेनं पांढरी वेल, मध्ये निळं. काम चालू असताना तिनं मनगट खाली घेतलं नव्हतं. पूर्ण झाल्यावर त्याला सरकती गाठ घातली, टोकं छाटली आणि तो तिच्यापुढे पोत्यावर ठेवला. वरून टाकला नाही, ठेवला, यातसुद्धा मला आपण पुष्कळ केलं असं वाटलं.

भागरथानं गंडा उचलून पाहिला. गाठ ओढून पाहिली, सरकली. मग तिनं तो जागच्या जागी परत ठेवला.

"रंग कोनं मांगतला होता तुले?" ती आवाज न चढवता म्हणाली. "म्या गाठ मांगतली होती."

ती उठली आणि चालू लागली. गिरजाबाईचा हात माझ्यापुढेच होता, तिचा गंडा अजून वळायचा होता. तिनं हात मागे घेतला. म्हणाली, "मलेबी राहू दे आता. एकटीचा काय करू?" आणि भागरथाच्या मागे गेली. कासारीण पुन्हा बांगड्या भरू लागली. माझ्यापुढच्या बायकांनी हिची हिंमत पाहा वगैरे म्हटलं. मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही. मंगळसूत्रं गाठली, एवढं आठवतं.

घरी सासूला सांगितलं. ती म्हणाली, बरोबर केलंस. तिच्या तोंडून बरोबर ऐकल्यावर मला ते चूक वाटायला लागलं. दोन-तीन दिवस मी धागा वळायला बसे आणि सारखं ते पालथं मनगट डोळ्यांसमोर येई. अर्धा तास ते तसंच धरलेलं होतं. हात भरून आला असेल तिचा.

पुढच्या बाजारी भागरथाच्या वस्तीतला एक म्हातारा मण्यांची माळ गाठून घ्यायला आला. माळ झाल्यावर मी त्याला म्हटलं, बाबा, मान पुढे करा, मी बांधते. तो घाबरून मागे सरला. मी पुन्हा म्हटलं. त्याच्या मानेमागे गाठ मारताना माझी बोटं दोनदा चुकली. सगळ्या बाजारानं पाहिलं. त्यानंतर काय झालं म्हणाल तर दोन बायका माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. बाकीच्यांनी चार दिवस नाकं मुरडली आणि पोत तुटली की माझ्याकडेच आल्या, कारण पंचक्रोशीत दुसरी पटवीण नव्हती. म्हणजे ज्या भीतीपायी मी भागरथाला दुखावलं ती भीती दोन गिऱ्हाइकांएवढीच होती. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी नवी जोड केली. एका लडीतून, निळा आणि लाल, दोन्ही टोकं मोकळी, निरगाठीसाठी राखलेली. आणि बाजार नसलेल्या दिवशी दोन कोस चालत गिरजाबाईच्या शेतात गेले. जाताना वाटेत काय बोलायचं ते घोकत होते. ऊन चढलं होतं. कापसाची वेचणी ऐन भरात, दोघी एकाच तासाला, कापसाच्या एकाच ओळीत, वेचत होत्या.

मी पोचले तर दोघींच्या मनगटांवर धागे होते. शेतातलाच कापूस, बोटांनी वळलेला, पांढरा, कुठे जाड कुठे बारीक. पवनारचे गृहस्थ लाजले असते असं सूत. आणि गाठी तर विचारू नका. एकीवर एक मारलेल्या, टोकं बाहेर लोंबणारी, आमच्या सासऱ्यांनी असलं काम खिडकीतून फेकलं असतं. मी नकळत भागरथाच्या धाग्याला बोट लावून पाहिलं. गाठ हलली नाही.

"इनं माह्या हाताले बांधली, म्या इच्या," गिरजाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थोडा संकोच होता आणि थोडा आनंद.

मी कमरेची पिशवी सोडून जोड काढली. घोकलेलं सगळं विसरले होते. चुकलं माझं, एवढंच म्हणता आलं. भागरथानं दोन्ही गंडे हातात घेऊन नीट पाहिले, चांगले झाले म्हणाली, आणि मला परत दिले. आता आमचं बांधून झालं आहे, असं सांगितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. माझा पदर घामानं चिंब होता.

"बस जराशी," ती म्हणाली. "लय दूरून आली. पाणी पे."

बांधावर पळसाच्या सावलीत तिचं मडकं होतं. तिनं पितळी गडवा भरला. गिरजाबाईनं आधी चारी बाजूंना नजर टाकली, शेतात दुसरं कोणी नव्हतं, मग तिनं गडवा घेतला आणि पाणी प्यायली. भागरथानं तो पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला. तोच उजवा हात. या खेपेस बघायला बाजार नव्हता, कासारीण नव्हती, एकही मंगळसूत्र गाठायचं नव्हतं.

"तहान नाई मले," मी म्हटलं.

हे कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही. तोंडातून आपोआप निघालं, देवळात गेल्यावर हात जोडले जातात तसं. भागरथानं गडवा काही क्षण तसाच धरला. मग तिनं पाणी सांडलं नाही, मडक्यात परत ओतलं, मडक्यावर झाकण ठेवलं आणि कापसाची ओटी सावरत आपल्या तासावर गेली. येजो पुन्हा, म्हणाली जाताजाता. गिरजाबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

सरकती गाठ मी त्यानंतर कधीच केली नाही. चाळीस वर्षं सगळ्यांची मनगटं हातात घेतली, लोक त्याचं कौतुक करतात, सत्कारात बोलतात. मी ऐकून घेते. थकवा येतो त्याचा. भागरथा माझ्याकडे पुन्हा आली नाही, तिची लेक पुढे मास्तरीण झाली असं गिरजाबाईकडून कळलं. ती जोड माझ्या डब्यात अजून आहे, टोकं मोकळीच आहेत.

त्या दिवशी परत निघाले तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. गावाच्या अलीकडे नाला लागतो. पात्रात गुरं उतरली होती, म्हशी बसल्या होत्या, पाणी गढूळ झालं होतं. मी काठावर वाकले आणि ओंजळी भरभरून प्यायले.